बोल्ट जिथे थांबेल तिथे

अण्णा,

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्याचं कुलूप काढलं, तर दारात ओतशाळेचा मुनियप्पा मेस्त्री उभा. डोक्याचा पंचा काढून हातात धरलेला. तुझ्याबद्दल काहीतरी बोलायचं त्यानं घरून ठरवून आणलं असणार, पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. कन्नडात म्हणाला, "अक्का, गोल भोक की लांब खाच?"

मला त्याचा राग आला नाही. उलट बरंच वाटलं. इतके दिवस घरात जो येई तो माझ्याशी हळू आवाजात बोले, जणू मीच आजारी आहे. वहिनीचा भाऊ तर जेवणाच्या पंगतीतच म्हणाला, "आता कारखाना कशाला ठेवता, अण्णाच नाहीत तर ठरवणार कोण?" मी त्याला वाढायचं थांबवलं नाही एवढंच. मुनियप्पानं मात्र मला सरळ प्रश्न विचारला. त्याला उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडून हवं होतं.



मी आत गेले. तुझ्या फळ्यावर घडीच्या स्टँडचं ड्रॉइंग तसंच पिनांनी टोचलेलं होतं. शिलाई मशीनचं स्टँड, लहान घरांसाठी, काम झालं की मिटून भिंतीला लावता येईल असं. सगळं शाईत. फक्त ओतीव पायाच्या खालच्या अंगाला, पायडलचा आडवा दांडा जिथे बसतो तिथे, बोटभर जागा पेन्सिलीत. गोल भोक ठेवायचं ठरलं तर साच्यात काही करायला नको, ते आपण नंतर ड्रिलनं पाडतो. लांब खाच हवी तर ती ओततानाच सोडावी लागते. साचा त्याशिवाय पुरा होत नाही. मद्रासच्या व्यापाऱ्याला शनिवारपर्यंत साचा पक्का झाल्याचं कळवायचं होतं, नाहीतर तो दुसऱ्या कारखान्याकडे जाणार होता. आणि तू हे स्टँड करता करता बाकीची लहानसहान कामं एकेक करून सोडून दिलेली. म्हणजे हे गेलं की वहिनीच्या भावाचंच खरं.

"शनिवारी सांगते," मी मुनियप्पाला म्हटलं.

"सरी, शनिवारी," तो म्हणाला आणि पंचा डोक्याला गुंडाळत गेला.

तुझं-माझं भांडण त्या बोटभर जागेपाशी थांबलेलं होतं. ते कसं सुरू झालं होतं, हे मला आधी तुला सांगू दे, कारण तुझी आवृत्ती नेहमी वेगळी असायची आणि आता ती सांगायला तू नाहीस.

माझा नवरा गेला आणि मी माहेरी परत आले, तेव्हा सगळ्यांनी मला धीर दिला, तू सोडून. तू एक दिवस निळसर, मेण लावल्यासारखं कापड आणून माझ्यासमोर पसरलंस आणि विचारलंस, "सरू, सरळ रेघ मारता येते तुला?"

"रांगोळीची येते."

"मग ही पण येईल. ही पुसायची नसते, एवढाच फरक."

तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप ती. त्यानंतर मी मारलेली अशी एक रेघ दाखव, जी तू पुसायला लावली नाहीस. तू पेन्सिलीनं काढायचास, मी त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून शाईनं गिरवायची. आणि शाई वाळते न वाळते तोच तू कॉफीचा पेला घेऊन मागे उभा. "सरू, हे स्वल्प इकडे घेऊ या?" तुझं एक 'स्वल्प' म्हणजे माझी अख्खी दुपार. ब्लेडनं शाई खरवडायची, कापड फाटू द्यायचं नाही, मग खडूची पूड घासून ते पुन्हा गुळगुळीत करायचं, नाहीतर नवी शाई फुटते. माझ्या उजव्या हाताच्या बोटांत ब्लेडचे वण आहेत. ते सगळे तुझे 'स्वल्प' आहेत.

लोक म्हणत, अण्णांचं मन मोठं, विधवा बहिणीला पोटाशी धरलं. पोटाशी कसलं धरलंस! तू मला कामाला लावलंस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तू मानू दिले नसतेस, आणि मला तरी कुठे वेळ होता, मी खरवडत होते.

आपलं पहिलं स्टँड आठवतं? ते जडजूड, वेलबुट्टीचं. तू तेव्हा अगदी उलटा होतास. सगळं एकसंध ओतायचं, कुठे जोड नको, एकदा ठरलं की ठरलं. सागवानी साचा करून घेतलास. पहिलं स्टँड घरी आणून बसवलं, वहिनीनं मोठ्या हौसेनं पाय मारला आणि चाकानं तिचा पदर ओढून घेतला. नवी इरकल फाटली. चाकाला आडपडदा हवा होता. आणि तो लावायला त्या सगळ्या ओतकामात एक भोक पाडण्याजोगी सपाट जागा नव्हती, जिकडे तिकडे तुझी वेलबुट्टी.

"मेस्त्री, काही करता येईल?" तू मुनियप्पाला विचारलंस.

"अण्णा, लोखंड निवायच्या आधी सांगायचं होतंत. आता त्याला सांगून काय उपयोग, त्याचं मन घट्ट झालं."

तो साचा चुलीत घालून वहिनीनं आठवडाभर न्हाणीचं पाणी तापवलं. "सागवानाचं पाणी तयार आहे हो," असं ती ओरडायची, आणि तू मुकाट्यानं आंघोळीला जायचास. पण त्या न्हाणीतच कधीतरी तुझं डोकं फिरलं असावं, कारण त्यानंतर तू कधी एकसंध काही ओतलं नाहीस. जे ठरलं ते ओतायचं, जे ठरायचंय ते बोल्टनं जोडायचं. ड्रॉइंगवरही तसंच: ठरलेलं शाईत, बाकीचं पेन्सिलीत. मला ते बघवायचं नाही. मी मद्रासला ब्लू प्रिंट पाठवायची, आणि तिच्यात निम्म्या रेघा फिकट. "लोकांना वाटेल आपल्याला आपलंच माहीत नाही," मी म्हणायची. तू म्हणायचास, "नाहीच आहे माहीत. खोटं कशाला दाखवायचं?"

आणि तुझी ती खाच. पहिली परीक्षेची स्टँडं बाहेर द्यायची तेव्हा जिथे शंका आहे तिथे गोल भोक न ठेवता लांबट खाच ठेवायची. बोल्ट बेताचाच आवळायचा. माणूस रोज मशीन चालवतो, त्याचा हात किंवा पाय ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला बोल्ट केसाकेसानं सरकत जातो. काही महिन्यांनी सरकायचा थांबतो. जिथे थांबतो तिथे लोखंड घासून चकाकतं. मग तू जायचास, खाली वाकून बघायचास, आणि परत येऊन म्हणायचास, "सरू, पाड आता गोल भोक. ठरलं."

"तू ठरवलंस?"

"मी कोण ठरवणार? बोल्टानं ठरवलं."

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलांचा रकाना असतो. दुसऱ्या कारखान्यांतले लोक तिथे 'सुधारणा' असं लिहितात, झालं. तू कारण लिहायला लावायचास, आणि तेही माणसासकट. 'वहिनींचा पदर.' 'रुक्मिणीअम्मांचा गुडघा.' श्रीरामपुरमच्या एका घराच्या दारातून स्टँड आत जाईना, तर 'श्रीरामपुरमचं दार.' मी म्हटलं, व्यापारी हसेल. तू म्हणालास, "हसू दे. कुणापायी बदललं ते लिहिलं नाही, तर पुढचा कुणी शहाणा ते परत पहिल्यासारखं करील." हे मात्र मला पटलं होतं. तुला सांगितलं नाही कधी.

मीटर आणि किलो आले तेव्हाचं भांडण विसरले नाही. सगळी जुनी ड्रॉइंगं इंचातली, सगळी मिलिमीटरात करायची. मी रडकुंडीला आलेली. आणि तू दोन्ही हात चोळत आलास: "बरंच झालं की! नाहीतरी पुन्हा काढायचीच आहेत, तर जाता जाता दोन-चार गोष्टी…" मी हातातली रेघा मारायची टी-पट्टी तुझ्या दिशेनं फेकली. लागली नाही. तू ती उचललीस, कड तपासलीस, आणि म्हणालास, "स्वल्प वाकली." कारखान्यातली सगळी माणसं हसली. मीही हसले, पण पाठ फिरवून.

आता शेवटचं भांडण.

पायडलचा दांडा बसणाऱ्या माणसाच्या जवळ हवा की लांब? मी म्हणत होते, जवळ. लहान घरात बाई बुटक्या स्टुलावर, मशीनला चिकटून बसते. पाय पुढे लांबवायला जागा कुठे असते? तू म्हणत होतास, लांब.

"मी शिवते, अण्णा. तू नाही शिवत."

"तू शिवतेस म्हणूनच तुला दिसत नाही. मला दिसतं. पायडल जवळ आहे म्हणून तू पाय पोटाशी घेतेस आणि सुईवर ओणवी होतेस. मग संध्याकाळी वहिनीकडून पाठ चोळून घेतेस."

"पाठ तुझ्या ड्रॉइंगांनी दुखते."

परीक्षेची चार स्टँडं निघाली, खाचेची. एक रुक्मिणीअम्मांच्या शिवणवर्गाला मल्लेश्वरमला, एक शिवाजीनगरला इस्माईल टेलरकडे, एक कृष्णराजपुरमला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, आणि एक आपल्या घरी. घरच्याचा बोल्ट मी तुला माझ्यासमोर जवळच्या टोकाला लावायला लावला. तू लावलास. काही बोलला नाहीस. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग व्यापाऱ्याचं पत्र आलं, घाई सुरू झाली, आणि मी म्हणू लागले, बास, आता गोल भोक पाडून मोकळं हो. खाच असलेलं स्टँड विकता येत नाही. ती परीक्षेपुरती. घरी नेलं की गिऱ्हाइकाकडे पाना असतो का? बोल्ट सैल होणार, पायडल डुगडुगणार, तो आपल्या नावानं खडे फोडणार. तू ऐकून घेतलंस. "खाच ठेवावीशी वाटते," म्हणालास. "का ते सांगता येत नाही." मी म्हटलं, "तुला काही पक्कं करवतच नाही. उद्यापर्यंत सांग, नाहीतर मी गोल काढते."

"आधी चारही मशीनं बघून ये. मग काढ."

"ते तुझं काम."

"ह्या वेळी तू बघ. घरचं तर बघ."

"घरच्याचं मला ठाऊक आहे."

हे आपलं कारखान्यातलं शेवटचं बोलणं. त्या संध्याकाळी तू छातीला हात लावून जिन्याच्या पायरीवर बसलास.

हॉस्पिटलात तुला खाटेवर बसतं ठेवलं होतं, श्वास लागत होता म्हणून. पाठीमागे लोखंडाची टेकणी. नर्स आली, तिनं टेकणी एका बाजूला धरून थोडी उचलली आणि कट्कन खालच्या पट्टीच्या दातात अडकवली. तू अर्धा वळून मागे बघायला लागलास. तुझा चेहरा तसा झाला, पेन्सिल सापडल्यावर होतो तसा. "सरू," म्हणालास, "ह्याला दाते…"

"बोलू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय ना? गप्प पड."

तू गप्प पडलास. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

मी तुला गप्प केलं हे मी मनाला लावून घेतलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मी केलं, पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. पण तुझं वाक्य अर्धं राहिलं, आणि अर्ध्या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. तेरा दिवस ते डोक्यात होतं. मी पिंडाला नमस्कार करताना ते डोक्यात होतं. कावळा लवकर शिवला नाही, तेव्हा भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर मनातल्या मनात कबूल करा. वहिनी काहीतरी पुटपुटली. मी काय कबूल करणार? गोल की खाच, मलाच ठाऊक नव्हतं. अखेर मी मनात म्हटलं, "बघून येते, बाबा." कावळा शिवला. ह्याचा काही अर्थ आहे असं मी म्हणत नाही. कावळ्याला भूक लागली असेल.

तर शब्द दिलेला होता. मुनियप्पा गेल्यावर मी टॉर्च आणि पाना पिशवीत टाकला आणि निघाले.

मल्लेश्वरमला रुक्मिणीअम्मांच्या वर्गात बारा-पंधरा वर्षांच्या मुली रांगेनं आपली पाळी यायची वाट बघत बसलेल्या. मी मशीनखाली शिरले तशा खिदळल्या. बोल्ट अगदी जवळच्या टोकाला, तिथेच लोखंड चकचकीत. माझी बाजू. रुक्मिणीअम्मा म्हणाल्या, "अण्णा वाकताना आधी चष्मा काढून माझ्या हातात द्यायचे." मी माझा काढला नव्हता. उठताना तो टेबलाला लागला आणि एक काडी वाकली.

शिवाजीनगरला इस्माईल टेलर उंच खुर्चीवर बसतो, पाय हे एवढे लांब. त्याचा बोल्ट पार लांबच्या टोकाला, तू म्हणत होतास त्याच्याही पलीकडे. "खाच अजून असती तर अजून गेला असता, अक्का," तो म्हणाला. मग त्यानं काम थांबवलं, टेप गळ्यातून काढला आणि उभा राहिला. तुझ्यासाठी. मी म्हटलं, "बस, गिऱ्हाईक खोळंबलंय." तो म्हणाला, "खोळंबू दे."

कृष्णराजपुरमला मी गुरुवारी गेले, आगगाडीनं. स्टेशनाच्या मागे क्वार्टर्स. तिथल्या शारदेला तू ओळखतोस. नवरा सिग्नलवर, माणसं बेळगावकडची, घरात मराठी. दारातूनच ती म्हणाली, "या की अक्का, अण्णा नाही आले?"

त्यांना कळलंच नव्हतं. सांगावं लागलं. मी सांगितलं. तिच्या सासूनं पदर डोळ्याला लावला आणि स्टोव्ह पेटवायला आत गेली. मी मशीनखाली गेले. ते सोपं होतं.

आणि अण्णा, तिथे मला काही समजेना. बोल्ट मधोमध. पण चकाकी सगळ्या खाचेला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि स्टँडच्या पायाला सुतळीनं एक पाना बांधलेला.

"हा पाना कशाला ग?"

"आमच्या सासूबाई सकाळी शिवतात की. मी दुपारी. त्यांना पायडल पोटात पाहिजे, मला दम लागतो तसं."

"दम लागत नाही काही हिला," सासू आतून म्हणाली. "ताठ बसायची ऐट."

"मग रोज सकाळी पाना फिरवायचा, दुपारी पाना फिरवायचा. एकदा त्या सरकवायच्या विसरल्या आणि मी…"

"मी नाही विसरले. तुझी खोड मोडायला ठेवलं."

"ऐका! कबूल केलं की नाही आता? तुमच्या समोर, अक्का!"

दोघी भांडायला लागल्या. मी मशीनखालीच बसून होते, हातात टॉर्च. तुला सांगता येत नव्हतं ते त्या दोघींनी सांगितलं. बोल्ट दर घरात कुठेतरी थांबतो हे खरं. पण सगळ्या घरांत एकाच जागी थांबत नाही. काही घरांत तर थांबतच नाही. तू इतकी वर्षं खाच ठेवत आलास ती शेवटी गोल भोक पाडण्यासाठी. ह्या वेळी पहिल्यांदा तुला वाटत होतं की खाच हेच उत्तर आहे, आणि मी म्हणत होते की तुला पक्कं करता येत नाही.

पण माझाही मुद्दा खोटा नव्हता. शारदेच्या घरी पाना होता म्हणून ठीक. तरी ती म्हणालीच, "सैल होतंय हो. आठवड्याला आवळायला लागतंय. जाड कापड असलं की दांडा घसरतोय."

परत येताना गाडीत खिडकीपाशी बसले. समोरच्या बाकावर एक म्हातारी पाय वर घेऊन झोपली होती. बैयप्पनहळ्ळी स्टेशनाच्या आसपास कुठेतरी माझ्या कानात ती टेकणी कट्कन वाजली. दाते. टेकणी हलवता येते, पण बसली की घसरत नाही. तुझ्या पाठीचा सगळा भार त्या एका दातावर होता, आणि ती घसरली नव्हती.

बाकीचं वाक्य मला तिथे कळलं. तुझ्या आवाजात कळलं असं काही नाही. तू असतास तर आणखी तीन वाक्यं बोलला असतास आणि त्यात एक 'स्वल्प' आलं असतं. पण मुद्दा हाच होता, मी पैज लावते.

घरी येऊन वहिनीला म्हटलं, "टॉर्च धर." तिनं विचारलं नाही कशाला. ती आजकाल काही विचारत नाही, सांगितलं की करते. आम्ही दोघी घरच्या मशीनखाली वाकलो.

बोल्ट लांब होता. मी जवळच्या टोकाला लावून घेतलेला बोल्ट सरकत सरकत तू पेन्सिलीनं खूण केली होतीस त्या जागी जाऊन थांबला होता. तिथेच लोखंड आरशासारखं. मी दर महिन्याला टेबलाखाली हात घालून, न बघता, पाना फिरवत आले होते, आणि माझाच पाय मला न विचारता तुझ्या बाजूला जाऊन मिळाला होता. गेल्या दिवाळीपासून माझी पाठ दुखायची थांबली होती, तेही आठवलं. मी त्याचं श्रेय वहिनीच्या नव्या तेलाला देत होते आणि शेजाऱ्यांना त्या तेलाची कृती सांगत सुटले होते.

वहिनी म्हणाली, "ह्यांना माहीत होतं."

"काय?"

"दर रविवारी मशीनला तेल घालायला खाली वाकायचे आणि हसत उठायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, सरूला सांगू नकोस. तिचं ती बघेल."

वहिनी तेव्हा रडली, तू गेल्यापासून पहिल्यांदा नीट. मी टॉर्च तिच्या हातातून घेतला, सेल वाया जात होते.

महिनोन्महिने तुला ठाऊक होतं. रोज तू माझ्याशी भांडत होतास, मी छातीठोकपणे 'मी शिवते, तू नाही' म्हणत होते, आणि एका वाक्यात तुला मला गप्प करता आलं असतं. केलं नाहीस. मला हरवायचंच नव्हतं का तुला? की तुला ठाऊक होतं, सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी पाना घेऊन बोल्ट परत ओढला असता? असता ओढला. तू मला चांगलं ओळखत होतास. ह्याबद्दल तुझ्याशी भांडायची मला फार इच्छा आहे आणि त्याची काही सोय नाही.

शुक्रवारी मी फळ्यापाशी बसले. पेन्सिलीची जागा खोडरबरानं साफ केली. खाच काढली, लांब. खाचेच्या दोन्ही कडांना बारीक आडवे दाते काढले. बोल्टाखाली येणाऱ्या चकतीलाही तसेच दाते, एकमेकांत बसणारे. चकतीच्या वर पान्याऐवजी हातानं फिरवायचा, दोन कान असलेला नट. बाईनं वाकायचं, फिरवायचं, सरकवायचं, आवळायचं. दात दातात बसला की घसरणार नाही. तुझ्या ड्रॉइंगमध्ये तुला न विचारता मी केलेला हा पहिला बदल. हात थांबला मध्येच. मागे कुणी कॉफीचा पेला घेऊन उभं नव्हतं. मग मी शाई भरली आणि गिरवलं.

शनिवारी मुनियप्पा आला. ड्रॉइंग बघितलं, नाक मुरडलं.

"अक्का, एवढे बारीक दाते ओतताना बुजतील. वाळू धरणार नाही."

"मग केवढे हवेत?"

त्यानं बोट आणि अंगठा दाखवला. "स्वल्प मोठे."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं मी चिडले. "नको तर राहू दे, अक्का…"

"नाही, नाही. घे मोठे." मी ब्लेड काढलं, आदल्या दिवशीची शाई खरवडली, खडूची पूड घासली आणि दाते पुन्हा काढले. तो उभा राहून बघत होता. मग बदलांच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. पहिली: 'लांब खाच. कृष्णराजपुरमची सासू-सून.' दुसरी: 'दाते. अण्णांची पाठ.'

मुनियप्पाला मराठी वाचता येत नाही. त्यानं विचारलं, कोपऱ्यात काय लिहिलं. मी सांगितलं. त्यानं पंचा काढला आणि ह्या वेळी तो परत बांधायला त्याला वेळ लागला. "सरी, अक्का," म्हणाला, आणि ड्रॉइंग गुंडाळून घेऊन गेला. मद्रासला तार केली.

आज रविवार. मशीनला तेल घालायचा तुझा दिवस. सकाळी मी तेलाची कुपी घेतली, चष्मा काढून वहिनीच्या हातात दिला आणि खाली वाकले. विकायच्या स्टँडांना खाच राहील, ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं सरकवावी. घरच्याला दाते नाहीत, ते परीक्षेचं. म्हणून कारखान्यातला मोठा पाना आणला होता. बोल्ट आहे तिथेच, तुझ्या खुणेवर, सगळा जोर लावून आवळला. आता तो हलायचा नाही.